फवारणी थांबली की अंगातले ‘औषध’ निघून जाते का? पेशींवर आणि डीएनएवर होणाऱ्या परिणामांविषयी

धुऱ्यावरून (१४ मे, रात्री ९:१०)

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आहे. घरी कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर ही पिके घेतो, आणि मी स्वतः एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. २०१७ च्या हंगामात काकांकडचे सालगडी दिवसभर फवारणी करून घरी आले आणि रात्री त्यांना उलट्या, दरदरून घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास सुरू झाला. चार दिवस दवाखान्यात काढून ते परतले आणि पुढच्या हंगामात पुन्हा पाठीवर पंप घेऊन उभे राहिले. मागच्या आठवड्यात मी गावी गेले होते, तेव्हा त्यांनी मला विचारले, “ताई, तवाचं औषध आता अंगातून निघून गेलं असन ना?” मी “हो” म्हणाले. परतीच्या प्रवासात मात्र हे उत्तर अर्धेच होते, ही बोच लागून राहिली, म्हणून हा धागा काढत आहे.

२०१७ चे प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या खांद्याच्या वर गेली होती, हवेत दमटपणा होता, बोंडअळीच्या भीतीने फवारण्या वाढल्या होत्या, दोन-तीन औषधे एकत्र केली जात होती आणि बारीक तुषार दूरवर फेकणारे ‘चायना पंप’ गावोगाव पोहोचले होते. या सगळ्याची चर्चा झाली, पण ती विषबाधेची, म्हणजे त्याच दिवशी दिसणाऱ्या परिणामांची होती. जे आजारी पडले नाहीत आणि तरीही हंगामामागून हंगाम फवारत राहिले, त्यांच्या पेशींत काय घडते याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

आधी सोप्या भागाविषयी लिहिते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील औषधे ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) जखडून ठेवतात. हे विकर बंद पडले की मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही, म्हणून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडकतो. दवाखान्यात ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम देतात ते यासाठीच. मूळ रसायनाचा बराचसा भाग यकृतात मोडून काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. तांबड्या पेशींमधील विकर पूर्ववत होण्यास मात्र तीन-चार महिने लागू शकतात, कारण त्यासाठी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. या अर्थाने काकांच्या सालगड्यांना मी दिलेले उत्तर बरोबर होते.

दुसरा भाग अवघड आहे. क्लोरपायरीफॉससारखे रसायन यकृत मोडत असताना आधी त्याचे अधिक क्रियाशील रूप, म्हणजे ऑक्सॉन, तयार होते. या सगळ्या उलाढालीत पेशीमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाढतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा कमी होतो. ही अतिक्रियाशील रूपे डीएनएमधील ग्वानिन या घटकावर प्रक्रिया करतात. असे ऑक्सिडीभूत झालेले ग्वानिन पेशी विभाजनाच्या वेळी ॲडेनिन या चुकीच्या घटकाशी जोडी जमवू शकते, आणि पुढच्या विभाजनात त्या जागी कायमचा चुकीचा घटक बसतो. याखेरीज डीएनएच्या साखळीत तुटी पडतात त्या वेगळ्या. पेशीकडे दुरुस्तीची उत्तम यंत्रणा असते आणि रोज होणाऱ्या असंख्य इजा ती निस्तरतेही. चिंतेची गोष्ट एवढीच आहे की फवारणीच्या हंगामात एका इजेची दुरुस्ती पुरी होण्याआधीच पुढची फवारणी येते.

येथे डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारे आणि प्रत्यक्ष फवारणारे असे सगळेच सदस्य आहेत. माझ्या समजुतीत काही चूक असल्यास कृपया सांगावे.

कोरडवाहू (१४ मे, रात्री १०:३५)

ताई, मी स्वतः बारा एकर करतो आणि फवारणीही स्वतःच करतो, कारण त्या दिवसांत मजूर मिळत नाही. जे घडते ते प्रामाणिकपणे लिहितो. बादलीत औषध ओतून काडीने ढवळतो. हातमोजे घातले तर झाकण उघडत नाही म्हणून ते बांधावरच राहतात. पंपाचे झाकण नीट बसत नसेल तर पाणी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळत राहते, आणि नोजल अडकले की तोंडाने फुंकून मोकळे केलेले मी पुष्कळदा पाहिले आहे, स्वतःही केले आहे. ऑगस्टच्या उकाड्यात प्लास्टिकचा पोशाख अर्धा तासही अंगावर सहन होत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. कृषी केंद्रातून औषध आणताना मी डब्यावरचा त्रिकोण पाहतो, लाल शक्यतो टाळतो आणि निळा किंवा हिरवा असेल तर निश्चिंत होतो. तुम्ही ज्या पेशींच्या इजेविषयी लिहिले आहे, तिच्यासाठीही हा रंग धरून चालतो का? आणि मास्क लावला की बहुतेक धोका टळतो, असे आम्हाला सांगितले जाते, ते खरे आहे का?

सूक्ष्मदर्शी (१५ मे, सकाळी ७:५०)

पेशी-आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून या दोन्ही प्रश्नांवर थोडे सविस्तर लिहितो.

त्रिकोणाचा रंग एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देतो. एकाच वेळी पोटात गेले तर प्रयोगातील निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात, हा तो प्रश्न आहे. शरीराच्या दर किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने मृत्यू येत असेल तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्याहून अधिक लागत असेल तर हिरवा रंग दिला जातो. दहा वर्षे थोडे थोडे अंगावर पडत राहिले तर गुणसूत्रांचे काय होते, याचा या रंगाशी काहीही संबंध नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक होय. पोटात गेले तरी ते चटकन मारक ठरत नाही, त्यामुळे त्यावर हिरवा त्रिकोण असतो. पण पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे असतात, त्यांच्या घडणीतच ते अडथळा आणते. डीएनएला थेट हात न लावता गुणसूत्रांची वाटणी चुकवणारे रसायन म्हणून ते प्रयोगशाळांत परिचित आहे, आणि युरोपीय संघाने त्याचे वर्गीकरण जनुकीय दोष निर्माण करू शकणारे व प्रजननास घातक असे केलेले आहे. आपल्याकडे बियाण्याला ही भुकटी उघड्या हाताने चोळली जाते. हिरव्या रंगामुळे मनात येणारा निर्धास्तपणा मला लाल डब्याच्या भीतीपेक्षा अधिक काळजीचा वाटतो.

आता मास्कविषयी. पाठीवरच्या पंपाने फवारताना शरीरात जाणाऱ्या औषधाचा मोठा वाटा श्वासातून नव्हे, तर कातडीतून जातो. १९७१ साली अमेरिकेत माणसांवर झालेल्या एका अभ्यासात पॅराथिऑन शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषले जाते हे मोजले होते. हाताच्या कोपराखालील भागातून साधारण ९ टक्के, तळहातातून १२ टक्के, डोक्याच्या त्वचेतून ३२ टक्के, कपाळातून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के, आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ सगळेच औषध आत गेले. आता गळका पंप डोळ्यांपुढे आणा. पाठीवरून ओघळलेले द्रावण कमरेच्या पट्ट्याशी जमते, पँट भिजते आणि तीच पँट सायंकाळपर्यंत अंगावर राहते. शरीराच्या ज्या भागातून शोषण सर्वाधिक होते, नेमका तोच भाग सर्वाधिक वेळ ओला राहतो. मास्क अवश्य लावावा, पण ज्याच्याकडे एकाच गोष्टीसाठी पैसे आहेत त्याने आधी पंपाचे झाकण, वायसर आणि नोजल बदलून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इजा मोजतात कशी, हेही सांगतो, कारण ऐकीव माहितीत याचा फार गोंधळ असतो. एक चाचणी कॉमेट नावाने ओळखली जाते. रक्तातील पांढऱ्या पेशी काचपट्टीवर जेलीसारख्या थरात बसवतात, त्यांचे आवरण विरघळवतात आणि विजेच्या क्षेत्रात ठेवतात. अखंड डीएनए जागेवर राहतो, तुटलेले तुकडे धन टोकाकडे सरकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. शेपटी जितकी लांब आणि दाट, तितक्या तुटी अधिक. ही इजा ताजी असते, तिची दुरुस्ती व्हायची असते. दुसरी चाचणी सूक्ष्मकेंद्रकांची. विभाजनात गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खे गुणसूत्र मागे राहिले, तर त्याचे वेगळे छोटे केंद्रक तयार होते. म्हणजे ही इजा दुरुस्तीतून निसटून पुढच्या पेशीत गेलेली असते. हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी कीटकनाशकांच्या कारखान्यातील कामगारांवर कॉमेट चाचणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. कामगारांच्या पेशींतील इजा तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक होती.

चिकित्सक (१५ मे, दुपारी १:२०)

धागा महत्त्वाचा आहे, म्हणूनच एक आक्षेप मनापासून नोंदवतो. धूमकेतूची शेपटी लांब दिसणे आणि माणसाला कर्करोग होणे यांत बरेच अंतर आहे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ८९,००० लोकांचा पाठपुरावा सुरू आहे. त्यात शेतकऱ्यांमधील एकूण कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमीच आढळले.

दुसरे असे की विदर्भातील फवारणाऱ्यांमध्ये खर्रा खाणारे पुष्कळ आहेत. गालाच्या आतील पेशी खरवडून सूक्ष्मकेंद्रके मोजली, तर त्यांतली फवारणीची किती आणि तंबाखू-सुपारीची किती, हे कसे ठरवणार? आधीच कर्जाने आणि भावाने पिचलेल्या माणसाला आपण अपुऱ्या पुराव्यावर आणखी एक भीती देत नाही ना, याचा विचार व्हावा.

धुऱ्यावरून (१५ मे, रात्री ९:००)

चिकित्सक, आपला आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो, विशेषतः खर्र्याविषयीचा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या गालातील पेशींत सूक्ष्मकेंद्रके वाढतातच. त्यामुळे ज्या अभ्यासात तुलनेचा गट वय, तंबाखू आणि मद्य या तिन्ही बाबतींत जुळवून घेतलेला नाही, त्याचे आकडे मी वर्गात सांगत नाही. रक्तातील पेशी घेतल्या तर ही अडचण कमी होते, पण संपत नाही.

अमेरिकेतील पाठपुराव्याविषयी मात्र दोन गोष्टी जोडते. तेथील शेतकरी धूम्रपान कमी करतात, त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो आणि एकूण आकडा खाली येतो. त्याच अभ्यासात पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाचे प्रमाण मात्र अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. शिवाय तो परवानाधारक फवारणाऱ्यांचा अभ्यास आहे आणि त्यांतले बरेच जण ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने फवारतात. खांद्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून स्वतःच्याच तुषारांमधून चालत जाणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला धोक्याचे वाटते.

इजा आणि आजार यांच्या संबंधाविषयी हातात अगदीच काही नाही, असेही नाही. १० देशांतील ६,७०० हून अधिक लोकांच्या पांढऱ्या पेशींतील सूक्ष्मकेंद्रके आधी मोजून नंतर त्यांच्या आरोग्याचा माग ठेवला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्यात ही संख्या अधिक होती त्यांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. हे समूहाविषयीचे विधान आहे. एका माणसाच्या अहवालावरून त्याचे भविष्य सांगता येत नाही, आणि कोणी तसे सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत.

भीती देण्याचा आपला मुद्दा मी मनात ठेवला आहे. पण माझा अनुभव असा आहे की जे फवारतात त्यांना भीती आधीपासूनच असते, फक्त ती विचारायला कोणी समोर नसते.

जुई_वऱ्हाड (१६ मे, सकाळी ११:१५)

आतापर्यंतची सगळी चर्चा फवारणाऱ्या पुरुषांची झाली. आमच्याकडे पंप पुरुषाच्या पाठीवर असतो हे खरे, पण विहिरीवरून पाणी आणून टाकी भरून देणे हे बाईचे काम असते. औषध मारलेल्या तासांत दुसऱ्या दिवशी निंदायला बायाच जातात आणि भिजलेले कपडे धुण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. त्यांची नोंद ‘फवारणी करणारी’ म्हणून कुठेच होत नाही. माझी वहिनी दोनदा गर्भपाताला सामोरी गेली. त्याचे कारण फवारणीच होते असे मी म्हणू शकत नाही, पण हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरने तिला विचारला नाही, याचे दुःख आहे. पुरुषाच्या बीजपेशींवर परिणाम होतो का, हेही कोणीतरी सांगावे.

सूक्ष्मदर्शी (१६ मे, सायंकाळी ६:४०)

जुईताई, आपल्या वहिनींविषयी वाचून वाईट वाटले. एका घरातील एका घटनेचे कारण सांगता येत नाही, हे आपण स्वतःच म्हटले आहे आणि ते बरोबर आहे. समूहाविषयी मात्र बोलता येते.

कामाच्या ठिकाणी कीटकनाशकामुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे मिळाला. जमिनीतील सूत्रकृमी मारण्यासाठी वापरले जाणारे डीबीसीपी हे रसायन तेथील कारखान्यात हाताळले जात होते. आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत, हे कामगारांच्या आपसातील बोलण्यातून प्रथम लक्षात आले आणि त्यांनीच तपासणीची मागणी लावून धरली. तपासले तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अतिशय कमी किंवा शून्य होते. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याचा जवळजवळ सर्व वापर बंद करण्यात आला. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील कपाशीच्या शेतांत फवारणाऱ्यांवर १९९० च्या आसपास अभ्यास झाले. त्यांत फवारणाऱ्या पुरुषांच्या पांढऱ्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोड अधिक आढळली, आणि त्यांच्या पत्नींमध्ये गर्भपात व मृत बाळ जन्मण्याचे प्रमाणही अधिक नोंदले गेले.

शुक्राणू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. त्यामुळे मूल हवे असलेल्या जोडप्यातील पुरुषाने फवारणीपासून निदान तीन महिने दूर राहावे, हा सल्ला मी ओळखीच्या प्रत्येकाला देतो. गरोदर बाईने टाकी भरू नये आणि ते कपडेही धुऊ नयेत.

कोरडवाहू (१६ मे, रात्री ८:०५)

सर, पंपाचे झाकण आणि वायसर आजच बदलून आणले. एक शंका उरली आहे. माझा चुलतभाऊ आणि मी एकाच औषधाने, एकाच दिवशी फवारतो. त्याला काहीच होत नाही, मला मात्र डोके जड होते. हे कशामुळे? आणि रक्त तपासून घ्यायचे तर नेमके कोणते?

धुऱ्यावरून (१७ मे, सकाळी ८:३०)

दादा, ऑक्सॉनचे विघटन करणारे पॅराऑक्सोनेज नावाचे एक विकर आपल्या रक्तात असते. त्याचे जनुक माणसागणिक थोडे वेगळे असते, त्यामुळे एकाचे विकर वेगाने काम करते आणि दुसऱ्याचे संथ. भावाला त्रास होत नाही म्हणून तुम्हालाही होणार नाही, असे धरून चालू नका. आणि त्याला डोकेदुखी नाही म्हणून त्याच्या पेशींनाही इजा नाही, असेही समजू नका.

तपासणी कोलिनेस्टरेजची, म्हणजे सुरुवातीला लिहिलेल्या विकराची, करून घ्या, पण ती हंगामाच्या आधी एकदा आणि हंगामात एकदा अशी करा. प्रत्येकाची मूळ पातळी निराळी असते, आणि आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट या वर्गांतील औषधे हाताळणाऱ्यांची अशी तपासणी व्हावी, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले आहे. कारखान्यातील कामगाराला निदान या नियमाचा आधार घेता येतो, रोजाने फवारणाऱ्या मजुराचे नाव मात्र कोणत्याच हजेरीपटावर नसते. शिवाय डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल किंवा पायरेथ्रॉईड वर्गातील औषधांनी कोलिनेस्टरेज घटत नाही. ती मारली असतील तर अहवाल चांगला आला तरी त्यावर विसंबू नका. कॉमेट आणि सूक्ष्मकेंद्रकांच्या चाचण्या संशोधनासाठी असतात. तालुक्याच्या प्रयोगशाळेत त्या मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागे पैसे घालवू नयेत.

काही औषधे बाजारातून गेली आहेत, हेही सांगते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने डायझिनॉन आणि मिथाईल पॅराथिऑनसह १२ औषधांवर लगेच बंदी आली. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस अशी आणखी ६ औषधे २०२० च्या अखेरीस बंद झाली. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. घरच्या माळ्यावर जुने डबे असतील तर ते वापरू नका आणि नाल्यातही ओतू नका.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. काल काकांच्या सालगड्यांना फोन केला आणि अर्धे राहिलेले उत्तर पूर्ण केले. औषध गेले आहे, पेशींनीही बरीचशी दुरुस्ती केली असणार, काही खुणा राहिल्या असतील तर त्या आज कोणालाच दाखवता येणार नाहीत, आणि संपर्क थांबवला की अशी इजा पुष्कळ अंशी कमी होत जाते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, हे सगळे त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हंजे औंदा कमी फवारलं तरी फायदा हाये?” मी हो म्हणाले आणि या वेळी माझ्या मनात शंका नव्हती. काकांशी बोलून एवढे ठरवले आहे की यंदा सलग दोन दिवस एकाच माणसाने फवारायचे नाही, कामगंध सापळ्यांतील (गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या सापळ्यांतील) पतंग मोजल्याशिवाय बोंडअळीचे औषध आणायचे नाही, आणि फवारणीचे कपडे विहिरीजवळच्या वेगळ्या बादलीत ज्याने घातले त्यानेच धुवायचे. तारीख, औषधाचे नाव आणि फवारणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी एक वही त्यांच्या मुलीकडे दिली आहे. ती नववीत आहे आणि तिने पहिल्या पानावर रकाने आखूनही ठेवले आहेत.

जुई_वऱ्हाड (१७ मे, दुपारी १२:५०)

ताई, त्या वहीत पाणी भरणाऱ्या बाईच्या नावाचाही एक रकाना आखायला सांगा.

धुऱ्यावरून (१७ मे, दुपारी १:०५)

आत्ताच फोन करून सांगितले. दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्यांसाठीही एक रकाना ती वाढवत आहे.